उतार आला

पेठच्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पाठीवर असलेल्या त्या पाड्यावर बारकूची पिकअप ही एकच गाडी होती, आणि पाड्यातून बाहेर पडायला वाटही एकच होती. घरं संपली की माळ, माळ संपला की खिंड, खिंडीतून एकदम खाली जाणारा लांब उतार, उताराच्या पायथ्याशी गोट्यांनी भरलेला ओहळ, आणि ओहळ ओलांडला की डांबरी रस्त्यापर्यंतचा खडा चढ. दुसरी कुठली गाडी त्या ओहळातून वर निघत नसे. बारकूची निघे, कारण तिच्या चारही चाकांना ओढ होती. जंगलाच्या ठेकेदाराने ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. बारकूने तिच्यावर ड्रायव्हरकी करण्यात उमेदीची वर्षं घातली, आणि ठेकेदार धंदा गुंडाळून गेला तेव्हा जाताना गाडी बारकूच्याच हवाली करून गेला.

पुढे पेट्रोल महागलं आणि त्या भागातल्या ड्रायव्हरांनी एक सवय अंगी लावून घेतली. उतार लागला की चावी फिरवून इंजिन बंद करायचं, गाडी तिच्या वजनाने खाली जाऊ द्यायची, आणि पायथ्याशी वेग असतानाच गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन पुन्हा धडधडू लागे. बारकूला ह्याची आठवण त्याची बायको पुतळाबाई करून द्यायची. गवताचे भारे, आंबे, नागली घेऊन नाशिकच्या बाजाराला जाताना ती त्याच्या डाव्या हाताला, दाराशी बसायची, आणि खिंडीचं तोंड आलं की समोर बघतच म्हणायची, "उतार आला." बारकूचा हात चावीकडे जायचा. इंजिन गप्प झालं की ती आपल्या बाजूची काच खाली करायची. मग चाकांखालच्या खड्यांचा आवाज, झाडांतला वारा, आणि खालून हळूहळू जवळ येणारं ओहळाचं पाणी. तेवढं ऐकायला मिळतं म्हणून आपण बाजाराला येतो, असं ती एकदा हसत म्हणाली होती. वर्षानुवर्षं असंच चाललं. शेवटी शेवटी तर तिचे शब्द बारकूच्या कानांपर्यंत पोचतही नसत, ते थेट हातात उतरत. तोंड तिचं आणि हात ह्याचा, असं दोघांचं मिळून ते एकच काम होऊन गेलं होतं.

आणीबाणी उठली त्या साली, श्रावणात, पुतळाबाईला ताप भरला. पाड्यावरचे झाडपाल्याचे उपाय झाले, भगताचा अंगारा झाला, पण ताप हटेना आणि ती बोलेनाशी झाली, तेव्हा एका सकाळी बारकूने तिला गाडीत नेहमीच्या जागी बसवलं. मागे हौद्यात त्याची थोरली बहीण अक्काबाई बसली. तिचा नवरा लवकर गेला होता आणि ती भावाकडेच राहत होती. गाडी खिंड उतरून ओहळात आली आणि बंद पडली. धक्का द्यायला माणसं आणावीत म्हणून अक्काबाई पावसात उतार चढून पाड्याकडे गेली. माणसं घेऊन ती आली तेव्हा पुतळाबाई दाराच्या काचेला डोकं टेकून होती, आणि तिच्यात काही उरलं नव्हतं. इंजिनानं दगा दिला, एवढंच बारकूने सगळ्यांना सांगितलं. लोकांनी माणसांसारखी इंजिनालाही नावं ठेवली. गाडी बैल जुंपून वर आणली गेली, घराच्या कुडाशेजारी उभी राहिली, आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

त्या कोंबड्यांना बारकूने कधी हाकललं नाही. तो दुसऱ्यांच्या ट्रकवर बदली ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला, घरी आला की मुकाट जेवायचा आणि गाडीकडे पाठ करून बसायचा. त्याच्या जिभेला कडवटपणा आला. कुणी पुतळाबाईचं नाव काढलं तर उठून जायचा, आणि कुणी काढलं नाही तर लोक किती लवकर विसरतात म्हणून मनात जळायचा. एकुलती लेक नवसा वाढली, तिचं लग्न झालं, ती सुरगाण्याकडे नांदायला गेली. मग एक दिवस तिचा नवरा यादव सांगत आला की नवसाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात कुणी कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. बारकूने जावयाला चहा दिला, वाटेला लावलं, आणि मग कितीतरी वर्षांनी गाडीवरच्या कोंबड्या हाकलल्या.

नाशिकला द्वारकेच्या बाजूला सावळीराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. ट्रकमागे बांधून बारकूने गाडी तिथे नेली आणि म्हणाला, इंजिन बदलायचंय. मिस्त्रीने बॅटरी घातली, प्लग पुसले, टाकी धुऊन नवं पेट्रोल ओतलं. चावी फिरवताच इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. मिस्त्रीने लांब पेचकस घेतला, त्याचं पातं इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि डॉक्टरसारखा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.

"हे ठणठणीत हाय, दादा," तो म्हणाला. "बदलायचं कशाला?"

"त्यानं मानूस मारलंय."

मिस्त्रीने इंजिन बंद केलं, हात पुसले, आणि बारकूला मागच्या अंगणात नेलं.

तिथे ओंडक्यांवर तीन इंजिनं ठेवलेली होती. पहिलं गाडीत होतं त्याच जातीचं, नवं बोअर करून घेतलेलं. कुठे काही ठोकाठोक न करता ते जागेवर बसलं असतं. दुसरं मुंबईच्या कुठल्याशा बड्या मोटारीतलं, ताकदीचं, पण पेट्रोल पिणारं. तिसरं मालवाहू टेम्पोचं, डिझेल, मालेगावहून आणलेलं. अपघातातलं नाही, मिस्त्रीने शपथेवर सांगितलं, मालक थकला म्हणून त्याने गाडी मोडीत काढली. तिन्हींचे गुणदोष तो समजावून सांगत होता, पण बारकूचं लक्ष नव्हतं. त्याने पहिल्या इंजिनावर हात ठेवून एकच प्रश्न विचारला. गाडी चालती असताना चावी फिरवली, तर हे बंद पडतं का?

मिस्त्रीला वाटलं, थट्टा आहे. पडणारच, तो म्हणाला, नाहीतर चावी असते कशाला. बारकूने दुसऱ्याबद्दल तेच विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. मग त्याने तिसऱ्याकडे बोट केलं.

"ह्याचं तसं नाय," मिस्त्री म्हणाला. "डिझेलची चावी फक्त सुरू करण्यापुरती. एकदा चालू झालं, मग तुम्ही चावी काढून खिशात घाला, घरी जाऊन जेवा, झोपा, हे चालूच. बंद करायचं तर ही तार ओढायची, तवा ते श्वास सोडतं."

"मग हेच बसव."

मिस्त्रीने त्याला परोपरीने अडचणी सांगितल्या. हे जड आहे, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवावं लागेल. पुढच्या चाकांनाही ओढ असल्यामुळे खालचं तेलाचं चेंबर पुढच्या एक्सलला घासेल, इंजिन उचलून बसवावं लागेल. गिअरबॉक्सशी जुळवायला मधे जाड प्लेट लागेल. एक मात्र खरं, ओहळाच्या पाण्यात ह्याला प्लग भिजायची भीती नाही, कारण ह्याला प्लगच नाही. बारकूने सगळ्याला मान हलवली. फक्त एका गोष्टीत तो अडून बसला. बंद करायच्या तारेची काळी मूठ मिस्त्री रिवाजाप्रमाणे स्टेअरिंगच्या बाजूला लावणार होता. बारकूने ती डॅशबोर्डाच्या पार डाव्या टोकाला, पलीकडच्या दाराला चिकटून लावायला सांगितली.

"तिथवर तुमचा हात कसा पोचंल?"

"पोचायलाच नको."

लोक सोय मागतात, तुम्ही गैरसोय मागता, म्हणून मिस्त्री हसला, पण त्याने सांगितलं तसं केलं. काम झाल्यावर बारकू ड्रायव्हरच्या जागेवर बसला, त्याने एक हात स्टेअरिंगवर ठेवला आणि दुसरा डावीकडे ताणून पाहिला. मूठ बोटांपासून चांगली हातभर लांब राहत होती. त्याच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी आलं. जुनं इंजिन मिस्त्रीने अंगणात, रिकाम्या झालेल्या ओंडक्यांवर ठेवलं. बारकूने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

गाडी पाड्यावर आली आणि लोकांना बोलायला विषय मिळाला. कारण प्रत्येक वेळी गाडी थांबवली की बारकू खाली उतरायचा, पुढून वळसा घालून डावीकडे जायचा, दार उघडायचा, आणि मग वाकून ती मूठ ओढायचा. नव्या नवरीला हात धरून उतरवतोय जणू, असं पाड्यावर पाहुणा आलेला यादवचा चुलता म्हणाला आणि बाया पदराआड हसल्या. बारकूने ते ऐकून सोडून दिलं. त्या डाव्या जागेवर मात्र तो कुणाला बसू देत नसे. पुढे जागा रिकामी असली तरी माणसं मागे हौद्यात बसत. त्या बाजूच्या काचेचं हँडल इतकी वर्षं गाडी उभी राहिल्याने गंजलं होतं. काच अर्ध्यात अडकलेली असायची, आणि वर-खाली करायची तर दोन्ही हातांचा जोर लागायचा. ते दुरुस्त करायचं मिस्त्रीच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि बारकूने सांगितलं नव्हतं.

पहिल्या खेपेला खिंडीचं तोंड आलं तेव्हा गाडीत दुसरं कुणी नव्हतं. कुणी काही म्हटलं नाही. तरी बारकूचा हात आपणहून उठला, चावीकडे गेला, आणि चावी फिरली. इंजिन चालूच राहिलं. तो एकटाच हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं, वाद जिंकल्यावर माणूस हसतो तसलं होतं. त्यानंतर प्रत्येक खेपेला हात तसाच उठायचा, चावी तशीच फिरायची आणि इंजिन त्या हाताला न जुमानता गुरगुरत खाली उतरायचं. हाताला आवरून धरायचा बारकूने प्रयत्न केला नाही असं नाही. पण खिंडीत आल्यावर तो हात त्याचा एकट्याचा नसायचा.

शिमग्यानंतरच्या एका दुपारी, खिंडीत चावी फिरल्यावर, इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसला, झोपेत कुणी कूस बदलताना श्वास अडखळावा तसा, आणि पुन्हा सुरळीत झाला. बारकूने डावीकडे पाहिलं. काळी मूठ बोटभर बाहेर आलेली होती. त्याच्या देखत ती हळूच आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी सावळीरामकडे नेली. मिस्त्रीने तार तपासली, इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाकडची स्प्रिंग तपासली, मूठ ओढून सोडली, पुन्हा ओढून सोडली. स्प्रिंग ताठ होती, मूठ खटकन आत जात होती. हादऱ्याने ही येणार नाही, तो म्हणाला, कुणी ओढल्याशिवाय येणारच नाही. मग त्याने सहज विचारलं, शेजारी कोण बसलं होतं. कुणी नाही, बारकू म्हणाला. मिस्त्रीने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग विषय बदलावा म्हणून सांगितलं की तुमचं जुनं इंजिन सिन्नरच्या एका वडाप जीपला बसवलंय, माणसं कोंबून भरतात, पण एकदा कुरकूर नाही. बारकूचा चेहरा आंबट झाला.

"ही तार काढून टाकू का?" मिस्त्रीने विचारलं. "बॉनेट उघडून पंपावरनं हातानं बंद करत जा."

बारकूने त्या मुठीकडे पाहिलं. तार काढली आणि तरीही ते इंजिन खिंडीत गप्प झालं, तर मग कशाकडे बघायचं, हे त्याच्या मनात आलं.

"असू दे," एवढंच म्हणाला.

नवसा भरल्या पोटाने माहेरी आली ती आषाढ लागता लागता. घरात पुन्हा बाईमाणसांचा आवाज आला, आणि बारकूला तो गोड लागण्याऐवजी टोचला. एका संध्याकाळी तो ओट्यावर दोर वळत बसला होता. आत अक्काबाई नवसाच्या केसांना तेल लावत होती आणि नवसाने आईबद्दल विचारलं होतं. अक्काबाईने पाड्याला शंभरदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली. तुझी आई सुखाने गेली पोरी, ती म्हणाली. सकाळपासून वाचा बसलेली, पण खिंडीत आली आणि स्वच्छ बोलली, उतार आला. मागच्या जाळीतून मी माझ्या कानांनी ऐकलं. मी म्हटलं देव पावला, तापाला उतार पडला. आणि बघ कसं, खाली जाऊन मेलं ते इंजिन.

बारकूच्या हातातला दोर थांबला. इंजिन मेलं नव्हतं. पुतळाबाई बोलली होती आणि त्याच्या हाताने चावी फिरवली होती, रोजच्यासारखी, आणि ओहळाशी त्याने क्लच सोडला तेव्हा पावसाने गारठलेलं इंजिन पुन्हा धरलं नव्हतं. त्या दोन शब्दांना दुसरा अर्थ होता, आणि तो पाड्यावर एकट्या बारकूला माहीत होता. पण तिच्या मनात कुठला होता, हे त्यालाही माहीत नव्हतं. एका अर्थाने ती बरी होत होती, आणि त्याने तिची गाडी बंद केली. दुसऱ्या अर्थाने ती मरायला टेकलेली असतानासुद्धा त्याचं पेट्रोल वाचवत होती. दोन्हींतलं कुठलं खरं निघालं तर आपल्याला जगता येईल, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आत नवसा म्हणाली, "बरं झालं, आई बरं वाटूनच गेली." बारकू उठला आणि गाडीला टेकून उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण डाव्या दाराला टेकलोय.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. सुईण धोंडाबाईने नवसाच्या पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि बाहेर येऊन बारकूला सांगितलं की मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही, नाशिकला सिव्हिलला न्या, आणि वाटेत कुठे थांबू नका. अक्काबाई म्हणाली, पोरीला पुढे बसव, मागे हादरे बसतील. बारकूने नको म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, तेव्हा तो असा काही गरजला की ती गप्प झाली. हौद्यात गोधड्यांवर गोधड्या अंथरल्या, नवसाला निजवलं, दोन्ही बाजूंना अक्काबाई आणि धोंडाबाई बसल्या. बारकूने दोन्ही हातांचा जोर लावून डावीकडची काच पार वरपर्यंत चढवली आणि दार लावून घेतलं. मग वळसा घालून तो आपल्या जागेवर आला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

माळावरून जाताना मागून नवसाचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि त्याखाली इंजिनाची एकसुरी गुरगुर. दोन्ही चालू आहेत तोवर सगळं ठीक आहे, असं बारकूला वाटत होतं. खिंडीचं तोंड दिसलं. त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट आवळले. गाडीचं नाक खाली झुकलं. हात जागचे हलले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चावी फिरली नाही, आणि बारकूच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याच्या ध्यानात आलं की कण्हणं थांबलंय.

मागच्या जाळीला तोंड लावून अक्काबाई बोलली. तिच्या आवाजात किती दिवसांनी आनंद होता.

"बारकू, उतार आला रे पोरीला. कळा थांबल्या बघ."

धोंडाबाईचे हात मात्र घाईघाईने नवसाचं पोट चाचपत होते.

आणि इंजिन गप्प झालं. आचका नाही, खोकला नाही, कुणी ओठांवर बोट ठेवावं तसं. बारकूने स्टेअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तिथेच होते. मग त्याने डावीकडे पाहिलं. रिकाम्या जागेसमोर ती काळी मूठ हातभर बाहेर आलेली होती आणि मधली तार ओल्या उजेडात चकाकत होती. तो बघत असताना ती आत गेली नाही.

पिकअप आपल्या वजनाने उतरू लागली. ब्रेकवर पाय द्यायचं त्याला सुचलं नाही. त्याला आधी खडे ऐकू आले, मग झाडांतला वारा, आणि मग, डावीकडच्या उघड्या काचेतून, खालून हळूहळू जवळ येणारं पाणी.